तीनशे आवर्तने

२१ ऑगस्ट २०२३, सोमवार

पुन्हा गुठळ्या! ही सहावी खेप. तनुजाने भट्टीतून मूस बाहेर काढली, आत डोकावली आणि म्हणाली, "सर, ह्याचे तर लाडू झाले." शास्त्रीय निरीक्षण म्हणून शब्द अयोग्य, वर्णन म्हणून अचूक.

काम सांगायला सोपे आहे, म्हणून ते न जमणे अधिक लाजिरवाणे. लिथियम बॅटरीच्या धनाग्रात जी काळी भुकटी असते — लिथियम, निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट यांचे ऑक्साइड — तिच्या प्रत्येक कणावर ॲल्युमिनाचा अतिशय पातळ लेप चढवायचा. लेप नसेल, तर बॅटरीतील द्रव कणांचा पृष्ठभाग कुरतडतो आणि दर चार्जिंगला बॅटरी थोडी थोडी म्हातारी होते. लेप जाड झाला, तर लिथियमचेच जाणे-येणे अडते. पातळ हवा आणि सगळीकडे सारखा हवा. आमच्याकडे एका कणावर ढिगारा, शेजारचा उघडाबोडका!

तनुजा चाकूरची. पाच वर्षे माझ्याकडे पीएच.डी. करीत आहे. ती माझी अखेरची विद्यार्थिनी. पुढील वर्षी मी निवृत्त होईन. हैदराबादच्या एका बॅटरी कंपनीने तिला घेतले आहे. ६ नोव्हेंबरला रुजू व्हायचे, आणि नांदेडला विद्यापीठात प्रबंध सादर केल्याचे प्रमाणपत्र सोबत न्यायचे. प्रबंधावर माझी सही हवी. सहीसाठी लेप दिलेल्या सेलने तीनशे आवर्तने — तीनशे वेळा चार्ज, तीनशे वेळा डिस्चार्ज — सलग पूर्ण करून ऐंशी टक्के धारिता राखली पाहिजे.

"सर, तीनशेच का?" तिने आज पुन्हा विचारले.

"कारण दोनशे नव्याण्णव नव्हेत," मी म्हणालो.

२२ ऑगस्ट, मंगळवार

वरण केले. पाणी मोजपात्राने घेतले. २५० मिलिलिटर, खालची वक्ररेषा डोळ्यांच्या पातळीत धरून. तरीही पातळ! माझी पत्नी मंजुश्री बोटाच्या पेराने पाणी मोजीत असे आणि तिचे कधी चुकले नाही. मार्चमध्ये ती तीन दिवसांच्या तापाने गेली. त्यानंतरचे हे कितवे वरण, याची नोंद मी ठेवलेली नाही. ठेवायला हवी होती. प्रगती दिसली असती. किंवा नसती.

२७ ऑगस्ट, रविवार

तनुजाचा "लाडू" हा शब्द आठवडाभर डोक्यात बसला होता. आज दाढी करताना कारण सापडले. संक्रांतीचा काटेरी हलवा करताना मंजुश्री हाच शब्द वापरीत असे. पाक जरा जास्त पडला की स्वयंपाकघरातून आरोळी — "मेलं, लाडू झाला!" तीळ हाही कणच. पाक हाही लेपच. आणि तिच्या हलव्यातील प्रत्येक तिळावर तो सारखा चढलेला असे!

ती हे नेमके कसे करीत असे? मला माहीत नाही. एकतीस वर्षे हलवा खाल्ला. एकदाही शेगडीपाशी उभा राहिलो नाही.

सासूबाईंना विचारायला हवे. मंजुश्रीला मातीत ठेवून आल्यापासून मी उदगीरला गेलेलो नाही. काय बोलायचे, हा प्रश्न होता. आता निदान रसायनशास्त्र तरी आहे.

३ सप्टेंबर, रविवार

उदगीरला जाऊन आलो. सासूबाई रत्नम्मा, वय एक्याऐंशी. कपाळावर विभूतीचे पट्टे, जीभ पूर्वीइतकीच धारदार. सगळेजण त्यांना अव्वा म्हणतात, मीही.

"श्रावणात हलवा?" अव्वा म्हणाल्या. "संक्रांत कुटं, श्रावण कुटं! डोकं ठिकाणावर हाय का, जावईबापू?"

"प्रयोगासाठी पाहायचा आहे, अव्वा."

"माझ्या लेकीनं इतकी वर्सं करून घातला तवा गुमान खाल्लात. बघितलं न्हाई व्हय एकदा बी?"

"नाही."

"हाव. कशाला बघताल!"

मग मलाच परातीपुढे बसवले. खाली मंद आच, परातीत तीळ, हाती चमचा, शेजारी पाक. मी आत्मविश्वासाने दोन चमचे ओतले. "साकु! साकु!" म्हणत त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली. कन्नडमध्ये साकु म्हणजे पुरे. रसायनशास्त्र विभागप्रमुखाच्या मनगटावर चापट!

"एक चमचा. त्यो वाळला की दुसरा. वाळंपत्तूर हात थांबवायचा न्हाई. घाई केली की लाडू."

"एकूण किती वेळ लागतो?"

"काटा येईपत्तूर."

"पण साधारण किती मिनिटे?"

"अय्य! घड्याळ बघून काटा येतोय व्हय?"

तीन तास लागले. काटा आला! माझ्या तीन बोटांची टोके लाल झाली. अव्वांनी ती पाहिली, तेल लावले आणि म्हणाल्या, "मंजूची बी आशीच भाजायची. तुमाला सांगितलं नसंल."

नव्हते सांगितले.

६ सप्टेंबर, बुधवार

हलव्याची कृती प्रयोगशाळेत आणली. परातीच्या जागी काचेची बशी, शेगडीच्या जागी तापपट्टी, तिळांच्या जागी काळी भुकटी आणि पाकाच्या जागी ॲल्युमिनियम नायट्रेटचे अल्कोहोलमधील द्रावण. ड्रॉपरने एक थेंब, तो वाळेपर्यंत काचकांडीने ढवळत राहायचे, मग दुसरा. मी एक तास, तनुजा एक तास, असे आळीपाळीने सहा तास.

आमचे प्रयोगशाळा परिचर पिराजी तीनदा दारात येऊन पाहून गेले. चौथ्यांदा राहवले नाही. "सर, सकाळधरनं काय करून राहिलात? लग्नाचा सैपाक हाय का काय?"

"लेप देत आहोत, पिराजी."

"द्या, द्या. जेवायच्या टायमाला हाक मारा."

हसण्याने तनुजाच्या हातातला ड्रॉपर हलला आणि एकदम दोन थेंब पडले. मी "साकु!" असे ओरडलो. मग तिला त्याचा अर्थ सांगावा लागला. चापटीचा भाग वगळला.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

नांदेडहून सूक्ष्मदर्शकाची छायाचित्रे आली. प्रत्येक कणाभोवती फिकट कडा — आठ नॅनोमीटर, सगळीकडे सारखी. गुठळी एकही नाही!

"सर, या पद्धतीला प्रबंधात काय म्हणू? हलवा पद्धत?"

"'सतत ढवळीत थेंबशः दिलेला आर्द्र लेप', असे लिही."

तिने तसे लिहिले. ऋणनिर्देशाच्या पानावर मात्र तिने परस्पर एक नाव वाढवले: श्रीमती रत्नम्मा, उदगीर. मी लाल पेन उचलले होते. खाली ठेवले.

२० सप्टेंबर, बुधवार

शिंपी मल्लेश यांचा फोन. "सर, वहिनींचे तीन ब्लाउज फेब्रुवारीपासून पडून आहेत. फोन उचलत न्हाईत त्या. नाराज हायत का?"

जाऊन घेऊन आलो. "बाह्या बरोबर झाल्या का, घालून बघायला सांगा," मल्लेश म्हणाले. मी म्हणालो, "सांगतो."

२३ सप्टेंबर, शनिवार

तनुजासह नांदेडला. आमच्या महाविद्यालयात ग्लोव्ह बॉक्स नाही, आणि हवेचा वारा लागला तर लिथियम बिघडते. म्हणून सेल बांधायला विद्यापीठातच जावे लागते. आर्गॉनने भरलेल्या काचपेटीत रबरी हातमोज्यांतून हात घालून बटणाएवढे सेल बांधणे म्हणजे बाळंतविड्याचे टोपडे बॉक्सिंगचे हातमोजे घालून शिवणे! तनुजाने बांधले, मी सूचना केल्या. चौथ्या सूचनेनंतर ती म्हणाली, "सर, बाहेर चहा चांगला मिळतो." मी चहा घेतला. खरोखरच चांगला होता.

चार सेल घेऊन परतलो: दोन लेप दिलेले, दोन तुलनेसाठी लेपाविना. परतीच्या एस.टी.त डबी मी मांडीवर धरली होती. शेजारच्या बाईंनी विचारले, "प्रसाद हाय का?"

२६ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी दहा वाजता चाचणीयंत्र सुरू. एका आवर्तनाला सव्वादोन तास. म्हणजे तीनशेवे २४ ऑक्टोबरला दुपारी एकच्या सुमारास. नेमका दसरा! तनुजाने पंचांग पाहून मुहूर्त काढल्याचा माझ्यावर आरोप केला. मी तो फेटाळला.

१ ऑक्टोबर, रविवार

त्रेपन्न आवर्तने. लेपवाला ९७ टक्के. उघडा ९१. सुट्टी असूनही आम्ही दोघेही पाहायला गेलो होतो — स्वतंत्रपणे! जिन्यात गाठ पडली. दोघांनीही चष्मा विसरल्याचे कारण सांगितले. तनुजाला चष्मा नाही.

१५ ऑक्टोबर, रविवार

घटस्थापना. आवर्तने २०२. लेपवाला ८९ टक्के, उघडा ७१. आलेख पाहून मला टाळी वाजवावीशी वाटली, वाजवली नाही.

तनुजा पडद्याकडे पाहत म्हणाली, "सर, दोनशे झाले."

"तीनशे व्हायचे आहेत."

"हाव, सर," एवढेच म्हणाली. एरवी ती चांगली दहा मिनिटे वाद घालते.

२३ ऑक्टोबर, सोमवार

खंडेनवमी. सुट्टी. सकाळी नऊनंतर प्रयोगशाळेत जाऊन आलो. भट्टीला हळदकुंकू वाहिले. अधिक लिहीत नाही.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी साडेबाराला तनुजाचा फोन. तीनशेवे आवर्तन पाहायला ती आपट्याची पाने आणि पेढे घेऊन गेली होती. "सर, यंत्र बंद आहे." आवाज ओळखू येईना.

धावत गेलो. भिंतीवरील मुख्य बटण बंद. पडद्यावर शेवटची नोंद २८८! बारा आवर्तनांसाठी!

मी काल गेलो तेव्हा सर्व व्यवस्थित सुरू होते. म्हणजे माझ्यानंतर कोणीतरी बंद केले. खंडेनवमीला सगळ्या प्रयोगशाळांतील यंत्रांची पूजा पिराजी करतात, आणि पूजेच्या दिवशी यंत्राला विश्रांती द्यायची हा त्यांचा जुना हट्ट आहे. सांगून ठेवले होते, की हे यंत्र वगळा!

तनुजा म्हणाली, "सर, आता पुढे चालू तर करू." बारा पन्नासला सुरू केले. पण मी तिला स्पष्ट सांगितले — अट सलग तीनशेची आहे. खंडित चाचणी ग्राह्य धरता येत नाही. मी आजवर कोणाचीही धरलेली नाही. पहिल्यापासून करायचे, तर २१ नोव्हेंबर उजाडेल. तिला ६ तारखेला हैदराबादला पोहोचायचे आहे.

पेढ्यांचा पुडा टेबलावर तसाच राहिला.

२५ ऑक्टोबर, बुधवार

पिराजींना लेखी ज्ञापन दिले. त्यांनी उभ्या उभ्या वाचले. "हाव सर. चुकलं," म्हणाले. एवढ्या मोठ्या चुकीची एवढी छोटी कबुली! संताप अधिकच वाढला.

दुपारी चारच्या सुमारास तीनशे पूर्ण. लेपवाला ८४ टक्के, उघडा ६१. आकडा उत्तम, आणि माझ्याच नियमाने निरुपयोगी.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

तनुजाने यंत्राची नोंदवही संगणकातून काढली. वीज खंडित: २३ ऑक्टोबर, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे.

तिने कागद माझ्यापुढे ठेवला आणि खिडकीतून बाहेर पाहत राहिली. ९.४० ला त्या खोलीत मी होतो. मी एकटाच होतो.

सोमवारी जे लिहिले नाही, ते आज लिहितो. दर खंडेनवमीला मंजुश्री माझ्या प्रयोगशाळेत येत असे. भट्टीला ती सवत म्हणे. "आणा तुमच्या लाडकीला पुढं, कुंकू लावते. वर्षभर माझ्या नवऱ्याला सांभाळती बिचारी." ओल्या फडक्याने पुसायचे, तर करंट बसेल म्हणून ती आधी भिंतीवरचे, साऱ्या खोलीचे मुख्य बटण बंद करी. मग पुसणे, हळद, कुंकू, फूल. ती गेल्यावर बटण मी चालू करीत असे.

या वर्षी ती नाही, म्हणून तिचे काम मी केले. त्याच क्रमाने केले. बटण बंद केले, पुसले, हळद वाहिली, कुंकू वाहिले. मग मला तेथे उभे राहवेना. दार लावून निघून आलो. बंद ती करीत असे, चालू मी करीत असे. तिचे काम झाले. माझे राहून गेले.

आणि ज्ञापन पिराजींना!

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळीच पिराजींना बोलावले. "सोमवारी तुम्ही कोठे होता?"

"चाकूरला सर. भनीकडं. रविवारच्या गाडीनं गेल्तो."

"मग कबूल का केलेत?"

पिराजी टोपी हातात फिरवत राहिले. "वाचमननं सांगितलं, सर येऊन पूजा करून गेले म्हणून. मी वळखलं. बाईसाहेबांचं काम तुमी कराया आलाव. त्यात आनी तुमालाच चूक दावायची, बरं दिसतंय का ते?"

मी ज्ञापन मागे घेणारे दुसरे ज्ञापन टंकलिखित करून आणले होते. त्यात दिलगिरीचे दोन परिच्छेद. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि घडी घातली. "येवढा कागूद कशाला खर्चिला, सर? च्या सांगायचा की."

चहा सांगितला. चहाबरोबर पेढेही निघाले. तनुजाने पुडा फेकलेला नव्हता.

२८ ऑक्टोबर, शनिवार

दिवसभर एकच प्रश्न. नियम माझा, चूकही माझी. दुसऱ्या कोणाची चूक असती, तर मी चाचणी रद्दच केली असती आणि स्वतःला तत्त्वनिष्ठ म्हणवून घेतले असते. तनुजाने मला एका शब्दानेही विनंती केलेली नाही, आणि त्यामुळेच फार अवघडल्यासारखे होते. सेलला विचारले, तर त्याने काम चोख केले आहे. लेप टिकला. सत्तावीस तास बंद राहून पुन्हा चालू केल्यावरही टिकला.

संध्याकाळी प्रबंधाच्या १४२व्या पानावर तळटीप घातली: "२८८व्या आवर्तनानंतर मार्गदर्शकाच्या हातून वीजपुरवठा बंद राहिल्यामुळे चाचणी सत्तावीस तास खंडित झाली." तनुजाने वाचून विचारले, "'मार्गदर्शकाच्या' कशाला, सर? 'तांत्रिक कारणामुळे' लिहू."

"तांत्रिक कारण मीच आहे," मी म्हणालो.

ती पाच वर्षांत प्रथमच माझ्यासमोर मोठ्याने हसली. मी सही केली.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

आंदोलनामुळे एस.टी. बंद. प्रबंधाच्या पाच प्रती माझ्या दिवाणखान्यात बांधून ठेवल्या आहेत. तनुजा दर तासाला आगाराला फोन करते. मी वरण केले. मोजपात्र धुवायचे राहिले होते, म्हणून अंदाजानेच. बरे झाले!

३ नोव्हेंबर, शुक्रवार

कालपासून गाड्या सुरू! आज सकाळच्या पहिल्या बसने नांदेड गाठले. खिडकीवरील लिपिकाने तळटीप वाचली, माझ्याकडे पाहिले, तनुजाकडे पाहिले आणि शिक्का मारला. प्रमाणपत्र मिळाले. तिने लगेच आईला फोन लावला आणि त्या गर्दीत ओरडून सांगितले, "आई, सुटले गं!" ओशाळून मग माझ्याकडे वळली, "म्हणजे सर, तसं नाही."

"तसेच आहे," मी म्हणालो.

५ नोव्हेंबर, रविवार

तनुजाला हैदराबादच्या गाडीत बसवून आलो. गाडी सुटण्यापूर्वी तिला सांगून टाकले — विद्यापीठाच्या संशोधन समितीचे पत्र जुलैमध्येच आले होते आणि त्यात अट दोनशे आवर्तनांची होती. उरलेली शंभर माझी. तू गेल्यावर त्या खोलीत एकट्याने बसणे मला जमणार नव्हते. दुसरे कोणतेही शास्त्रीय कारण नव्हते.

"माहीत होतं, सर," ती म्हणाली. "त्या पत्राची एक प्रत विद्यार्थ्यालाही येते की."